डर्बीचा खंडोबा

परदेशातून परतलेल्या माणसाला आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न थंडीचा विचारतात. दुसरा खायचे हाल झाले का, हा. आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, "जावई गोरा आहे म्हणे?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी जिन्यात उभ्या उभ्या देतो. तिसऱ्याला खुर्ची लागते. कारण जावई गोरा आहे, इंग्लंडात जन्मला आहे, त्याची आई इंग्लिश आहे. पण त्याला इंग्लिश म्हटलं की त्याचे आजोबा काठी शोधायला लागतात. मी म्हटलं होतं. काठी सोफ्यामागे पडली होती, म्हणून आज हे लिहितो आहे.

तर ज्यांनी डर्बी पाहिलेलं नाही आणि ज्यांचा सर्बियाला जायचा विचार नाही, अशा सर्वांसाठी ही हकिगत. सर्बियाला मीही गेलेलो नाही. पण डर्बीतल्या एका विटांच्या घरात सर्बिया जेवढा ठासून भरलाय, तेवढा खुद्द सर्बियात मावत असेल असं वाटत नाही.

वॉटफर्ड

आमची मुग्धा वॉटफर्डला राहते. गाव लंडनला इतकं चिकटून की लोक जगायला तिकडे जातात आणि झोपायला इकडे येतात. रस्त्यानं चालताना आधी गुजराती कानावर पडते, मग तेलुगू, मग आपली कोथरूडची मराठी. इंग्रजी बहुतेक फोनवर तक्रार करताना. शैलानं, म्हणजे आमच्या हिनं, मेतकूट, भाजणी आणि कुळथाचं पीठ पुण्याहून पाठीवर वाहून नेल्यासारखं नेलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात तिन्ही होती, वर ताजी. तिनं ते पाहिलं आणि मला म्हणाली, "इथे काही दम नाही त्याला." पाकीट न उघडता.

मार्को आमचा होणारा जावई. लग्न ऑगस्टमध्ये ठरलेलं. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे आम्ही घरात पाय ठेवला तेव्हा त्यानं वाकून नमस्कार केला तो थेट माझ्या गुडघ्याला. डावा गुडघा दाबून म्हणाला, हा दगा देणार. मुग्धानं शिकवल्याप्रमाणे मला तो "बाबा" म्हणायचा. आठवडाभरानं कळलं की त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे आजी. मुलगा रोज सकाळी मला प्रेमानं आजी म्हणून चहा देत होता, आणि मी तृप्त होऊन घेत होतो.

एका रात्री जेवताना तो म्हणाला, सहा मेला आमची स्लावा असते, देदाकडे, डर्बीला. देदा म्हणजे आजोबा. मी विचारलं, स्लावा म्हणजे काय? तर त्यानं पोळीचा तुकडा हातात धरून सांगितलं ते असं. प्रत्येक सर्ब घराण्याचा एक संत ठरलेला असतो. तो बापाकडून मुलाकडे येतो. लग्न झालेली मुलगी सासरचा संत घेते. त्याच्या दिवशी घरात मेणबत्ती लावतात, नक्षीचा मोठा पाव करतात, गहू शिजवतात आणि घर उघडं ठेवतात.

मी हात पुसत म्हटलं, "म्हणजे कुळाचार. आम्ही हे केव्हापासून करतोय."

खरं म्हणजे आमच्याकडे तो माझा चुलतभाऊ करतो. मी मोबाइलवर दर्शन घेतो. पण परदेशात गेल्यावर माणसाचा धर्म आपोआप कडक होतो.

त्या रात्रीपासून मी आमंत्रणाची वाट पाहू लागलो. वधूपिता आहे, होणाऱ्या व्याह्यांच्या घरी कुळाचार आहे, आपण अडीच तासांवर येऊन बसलो आहोत, तेव्हा रीतीप्रमाणे एक फोन यायला हवा. स्वतः आजोबांनी करावा. अगदीच कान गेले असतील तर सूनबाईंनी. शैलानं नारायणपेठ काढून इस्त्री केली. चार तारीख गेली, पाच गेली. फोन आला तो ब्रॉडबँडवाल्याचा.

"मान नावाची काही गोष्ट असते की नाही," शैला म्हणाली आणि साडी परत बॅगेत गेली, इस्त्री केलेल्या जोमानंच.

सहा तारखेला सकाळी दोघं तयार होऊन जिन्यात उभी. मुग्धा म्हणाली, "चला ना. निघायचंय." हे का आमंत्रण झालं? स्वतःच्या मुलीनं दिलेलं? मी पलंगावरून डावा पाय हळूच सरळ केला आणि तोंड वाकडं केलं. म्हटलं, तुम्ही जाऊन या, गुडघा फार धरलाय. मार्कोच्या चेहऱ्यावर काळजी आली, आणि थोडी विजयाची छटाही. रोगनिदान बरोबर आलेल्या माणसाला दुसरी शंका येत नाही.

दोघं संध्याकाळी परत आली ती एकमेकांशी न बोलता. आम्ही तोवर टीव्हीवर एका इंग्रजी घराची बाग कशी दुरुस्त करतात ते पाहत होतो. मुग्धा माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, खरं सांग. गुडघ्यामुळे नाही आलास?"

मी तिला गुडघ्याचा इतिहास सांगू लागलो. शैलाला खोटं फार वेळ ऐकवत नाही. ती म्हणाली, "बोलावणं होतं कुठे आम्हाला? असं कसं जाऊन बसायचं कुणाच्या दारात?"

मुग्धानं ते मार्कोला इंग्रजीत सांगितलं. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं रागावला. तो रागावला नव्हता, हसतही नव्हता.

"स्लावाला कुणी बोलावत नाही," तो म्हणाला. "कधीच नाही. बोलावतात ते परक्याला. आपला असतो तो येतो."

मग दिवसभरात काय झालं ते दोघांनी मिळून सांगितलं. देदानं टेबलाच्या वरच्या बाजूला दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या, कुणाला बसू दिलं नाही. बेल वाजली की म्हातारा दाराकडे पाहायचा. चर्चमधले लोक आले, शेजारी आले, गॅसचं मीटर वाचणारा आला, त्यालासुद्धा गहू आणि ब्रँडी मिळाली. आम्ही नाही. त्यांच्यात नातू नवं घर मांडतो तेव्हा त्या पावाचा अर्धा भाग त्याच्या हाती देतात, म्हणजे आजपासून संत तुझ्याही घरी. मार्कोचे वडील तो शाळेत असतानाच गेले, त्यामुळे हे देणं आजोबांकडेच उरलं होतं. यंदा मुलीच्या आईवडिलांसमोर द्यायचं म्हणून त्यांनी ते अर्धं रुमालाखाली झाकून ठेवलं. संध्याकाळी रुमालावर हात ठेवून म्हणाले, त्या लोकांना हे लग्न नको आहे. अर्ध्या घराला मी पाव देत नाही.

"मला वाटायचं, त्या पावाचं मला काही नाही," मार्को म्हणाला. "पाव तर आहे. दुकानात मिळतो." एवढं बोलून तो उगाचच बुटाची नाडी सोडायला लागला. मुग्धा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. दोघं तिथेच बसून राहिली, आणि बागेत त्या टीव्हीवाल्यांनी कारंजं सुरू केलं.

मी विचारलं, आता फोन करून माफी मागितली तर? नाही, म्हणाला. फोन केला की ती ठरवून केलेली भेट होते. पण देदाकडे स्लावा तीन दिवस चालते. परवा मला सुट्टी आहे. न सांगता जायचं.

न सांगता. होणाऱ्या व्याह्यांकडे. आमच्याकडे सख्खा भाऊसुद्धा आधी फोन करतो, आणि आपण नेमके बाहेर चाललोय असं सांगायची सोय आपल्याला ठेवतो. त्या दोन दिवसांत मी जेवढा घाबरलो तेवढा इमिग्रेशनच्या रांगेतही घाबरलो नव्हतो. भीती घालवायला मी मोबाइलवर सर्बांचा इतिहास वाचायला घेतला.

मोटरवेवर

वाटेत सांगण्यासारखं एवढंच की एका थांब्यावर शैलानं डिकी उघडून दशम्या वाढल्या आणि शेजारच्या गाडीतल्या कुत्र्यानं आमच्या दिशेनं जे तोंड केलं ते काही मी विसरणार नाही. बाकी वेळ मी वाचत होतो.

सर्बांचा इतिहास वाचताना मला पहिल्याच पानावर घरी आल्यासारखं वाटलं. कुठल्याही देशाचा इतिहास जिंकलेल्या लढाईनं सुरू होतो. यांचा हरलेल्या लढाईनं. सन १३८९, कोसोवोचं मैदान, समोर तुर्क सुलतान. आदल्या रात्री म्हणे स्वर्गातून सर्बांच्या राजाला विचारणा झाली की बाबा रे, पृथ्वीवरचं राज्य हवं की वरचं? राजा लाजारनं वरचं निवडलं, दुसऱ्या दिवशी लढला आणि गेला. सुलतानही तिथेच मेला, पण त्याच्यामागे सुलतान पुष्कळ होते. मग चारशे वर्षं तुर्कांचं राज्य, आणि त्या चारशे वर्षांत त्या एका दिवसाची गाणी. आमच्या पेशव्यांना असं विचारलं असतं तर त्यांनी खालचं राज्य ठेवून वरच्यावर चौथाई लावली असती. पण त्यानंतरचं सगळं ओळखीचं. आम्हीही पानिपत हरलो त्याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली, अजून कुणाची परीक्षा बुडाली तरी पानिपत होतं. जिंकलेल्या लढाया आम्ही शाळेत पाठ करतो आणि विसरतो. हरलेली एकच घरात राहायला येते.

"देदासमोर हे काही बोलू नकोस," मुग्धानं आरशातून बजावलं. "आणि नाइन्टीजबद्दल तर अजिबात नको. प्रॉमिस कर."

मी प्रॉमिस केलं.

डर्बी

गल्ली म्हणजे दोन्हीकडे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी विटांची घरं. दोन-तीन खिडक्यांत इंग्लंडचा झेंडा, पांढऱ्यावर लाल क्रूस. मार्को म्हणाला, हा झेंडा सेंट जॉर्जचा, एप्रिलमध्ये त्याचा दिवस झाला तेव्हापासून कुणी काढलेला नाही. आणि देदाचा संत कोण? तोच. फक्त सर्बांचं चर्च जुनं पंचांग पाळतं म्हणून यांचा दिवस मेमध्ये. एकाच गल्लीत एकच देव, दोन पंचांगं आणि बोलणं बंद. मला पुन्हा घरी आल्यासारखं वाटलं.

दार मार्कोच्या आईनं उघडलं. हेलन. गोल, गुलाबी, ॲप्रन लावलेली. डर्बीतच जन्मलेली. आम्हाला पाहून ती दचकली नाही, या या म्हणून आरडाओरडा केला नाही, फक्त आतल्या बाजूला वळून म्हणाली, "दोन खुर्च्या." आणि बाजूला झाली.

आत भिंतीजवळ देदा उभे. तिसरा दिवस, तरी पूर्ण सूट, टाय. ऐंशी ओलांडलेला उंच माणूस, मिशा अशा की त्यांच्यासाठी वेगळं तिकीट काढावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नमस्कार नाही, हसणं नाही.

हेलन ताट घेऊन आली. त्यात शिजवलेल्या गव्हाचा वाडगा, वर साखर आणि अक्रोड. एका पेल्यात कोरे चमचे, दुसऱ्यात पाणी. कोरा चमचा घ्यायचा, एक घास खायचा, चमचा पाण्यात टाकायचा. मार्कोनं गाडीत दोनदा शिकवलं होतं. पण देवासमोरचं काही पुढे आलं की माझा हात माझं ऐकत नाही. मी उजव्या हाताचा द्रोण केला, खाली डावा लावला आणि मान खाली घालून पुढे केला. हेलन क्षणभर थांबली, मग तिनं चमचाभर गहू माझ्या तळव्यावर ठेवला. मी खाल्ला आणि उरलेला ओला हात रीतीप्रमाणे डोक्यावरून फिरवला. टक्कल पडल्यापासून तिथे काही मुरत नाही. साखर कपाळावरून खाली यायला लागली.

देदा मार्कोला काहीतरी म्हणाले. मार्को म्हणाला, "विचारतायत, हा काय करतोय. मी म्हटलं, व्यवस्थित घेतोय."

मिशीखाली किंचित काहीतरी हललं. मग ते बोलले, आणि मी चाट पडलो. मला जड, घोगरं, परदेशी इंग्रजी अपेक्षित होतं. निघालं ते अस्सल डर्बीचं. दर वाक्याच्या शेवटी "डक". तिथे प्रेमानं माणसाला बदक म्हणतात, ड्रायव्हरपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना. चार वर्षांचे असताना ते जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीतून इथे आले. वडील राजाच्या बाजूचे सैनिक. दुसरं महायुद्ध संपल्यावर देश कम्युनिस्टांचा झाला, परत जायची सोय उरली नाही. जन्म सर्बियातला नाही, शाळा सर्बियातली नाही, नोकरी विमानाची इंजिनं बनवणाऱ्या इथल्याच कारखान्यात. सर्बिया पाहिला तो सुट्टीत आठवडा-आठवडा. आणि तिथे प्रत्येक वेळी त्यांचं तेच मत झालं, की इथले लोक आता पहिल्यासारखे सर्ब राहिले नाहीत. लंडनमध्ये भेटलेले एक मराठी गृहस्थ मला पुण्याबद्दल अगदी हेच म्हणाले होते. १९७४ साली गेलेले.

ते अजून उभेच होते, हातात बाटली. गुडघे त्यांचेही बरे नव्हते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. मी आपला मराठी माणूस. यजमान उभा आणि आपण बसलेलो, हे घशाखाली जाईना. म्हटलं, "बसा ना. अहो, बसा. आधी तुम्ही बसा." तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी बाटली टेबलावर ठेवली.

"माझ्या स्लावाला मी बसत नाही, डक. यजमान पाहुण्यांसाठी उभा असतो. तो बसतो मेल्यावर. नाहीतर त्याच्या जागी दुसरा उभा राहिल्यावर."

असं म्हणून त्यांनी मार्कोकडे पाहिलं नाही. ते न पाहणं सगळ्यांना दिसलं. टेबलाच्या कडेला रुमालाखाली अर्धा पाव झाकलेला होता, त्याच्याकडेही कुणी पाहत नव्हतं.

मग आग्रह. आग्रहात आपला हात कुणी धरणार नाही असा माझा समज होता. देदांनी तो मोडला. आपल्याकडे तीन नको नंतर वाढतात, तिथे नको हा शब्द पोचतच नाही. आलुबुखारच्या ब्रँडीचा छोटा पेला, डोळ्यांत डोळे घालून. कोबीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. कोकराचं मांस. शैला म्हणाली, मी गुरुवारचं खात नाही. देदांनी विचार केला. त्यांच्यात उपास बुधवारचा आणि शुक्रवारचा.

"गुरुवार?" ते म्हणाले. "चुकीचा वार आहे. पण पाळते, हे चांगलं." आणि हेलनला सांगून तिच्यासाठी कांद्यातली घेवड्याची उसळ मागवली. शैला दोनदा घेऊन जेवली आणि नंतर मला म्हणाली, जरा गूळ हवा होता.

दुसऱ्या पेल्याला मी बाहेरच्या झेंड्यांचा विषय काढला. मार्कोनं टेबलाखालून पाय मारला, तो दुसऱ्याच कुणाला लागला. "आमचाच आहे तो," देदा म्हणाले. "यांनी नेला. फुटबॉलला बाहेर काढतात." आणि तिथेच, वातावरण हलकं करावं म्हणून, मी मार्कोला फार गुणी इंग्लिश मुलगा म्हटलं. काठीचा प्रसंग तो. ती सापडेना, तेव्हा हेलननं मध्ये कॉफी आणली.

तिसऱ्या पेल्याला कोसोवो आणि पानिपत समोरासमोर आले. ते म्हणाले, आम्ही एका दिवसात सगळं गमावलं. मी म्हटलं, आम्हीही एकाच दिवसात, तेही संक्रांतीला. ते म्हणाले, आमचा राजा पडला. मी म्हटलं, आमच्या पेशव्याचा मुलगा पडला, चुलतभाऊ पडला, आणि घराघरातून एकेक बांगडी फुटली. त्यांनी बाटलीचं बूच घट्ट केलं. मग म्हणाले, "पण आमचं आधी." इथे मला माघार घ्यावी लागली. पावणेचारशे वर्षांचा फरक काही भरून निघेना. दोन म्हातारे, एकाचं मैदान त्याने मोजून दोनदा पाहिलेलं, दुसऱ्याने एकदाही नाही, आणि दोघांचेही डोळे ओले. मुग्धा आणि मार्को आमच्याकडे कुणी दोन मुलं वाळूत भांडताना पाहावीत तसं पाहत होती.

एवढी मैत्री झाल्यावर माणूस प्रॉमिस विसरतो. मी विचारलं, ते नव्वदच्या दशकात बातम्यांत यायचं, बोस्नियात, त्या कत्तली, ते कशाबद्दल होतं?

देदांनी पेला खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. आत नळ सुरू झाला.

"आमच्या घरात इतिहास १३८९ ला सुरू होतो," मार्को हळू म्हणाला, "मधून मधून चांगला चालतो, आणि ब्याण्णव आलं की देदा कॉफी करायला जातात. मी कॉलेजात पहिल्यांदा पूर्ण वाचलं. मग घरी येऊन विचारलं. त्या दिवशी सहा वेळा कॉफी झाली."

हेलन म्हणाली, नव्याण्णव साली बेलग्रेडवर नाटोचे, म्हणजे इंग्लंडचेही, बॉम्ब पडत होते, त्या वेळी हे रोज कारखान्यात जायचे. वर उडणाऱ्या एखाद्या विमानात आपण तपासून पाठवलेला भाग असेल का, असं एकदाच म्हणाले. त्यावरही नंतर कॉफीच.

मीही चिंचवडला जन्मभर गिअर तपासले. पण माझे ट्रकला लागायचे. मला हसू आलं नाही. आपापला इतिहास ज्यांना फार आवडतो त्यांच्या पुस्तकात काही पानं चिकटलेली असतात, आणि ती कुठली ते शेजाऱ्याला आधी कळतं. आमच्या पुस्तकातली मला डर्बीत बसून लख्ख दिसत होती. पुण्यात कधी दिसली नव्हती.

देदा परत आले ते कॉफी न घेता. आता काहीतरी करायला हवं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच पाठीमागची भिंत पाहिली. सोनेरी चौकट, पुढे मेणबत्ती. चौकटीत पांढरा घोडा. घोड्यावर शस्त्र घेतलेला वीर, अंगावर लाल शेला. आणि घोड्याच्या टापांखाली चिरडलेला राक्षस. त्यांचा राक्षस जरा सापासारखा होता, एवढाच फरक.

"शैला," मी म्हटलं, "हा बघ कोण."

शैलाचे हात केव्हाचे जोडलेले होते. तिनं पर्समधून जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी काढून माझ्या हातात दिली. चिमूटभर, घोड्याच्या पायाशी, एवढंच ठरवून मी उठलो. आणि तिथे, सर्ब राष्ट्राच्या समोर, माझ्या डाव्या गुडघ्यानं त्या खोटारडेपणाचा हिशोब चुकता केला. तो सरळ गेलाच. मी टेबलावर, पुडी हवेत. हळद पांढऱ्या टेबलक्लॉथवर, कोकरावर, रुमाल सरकून उघड्या पडलेल्या पावावर, देदांच्या काळ्या सुटावर आणि डाव्या मिशीवर.

भंडारा उधळला की आमच्या घरात तोंड आपोआप उघडतं. शैला हळूच म्हणाली, "येळकोट येळकोट जय मल्हार."

हेलन साबणाचं पाणी घेऊन धावली. मी "नको" म्हणेपर्यंत तिनं फडकं फिरवलं होतं. हळदीला साबण लागला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. डर्बीला ठाऊक नव्हतं. पिवळा डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रक्तासारखा लाल झाला. देदांनी छातीवर बोटांनी क्रूस काढला. हा टेबलक्लॉथ त्यांच्या आईनं छावणीत भरला होता, असं मुग्धानं मला कानात सांगितलं. मला ते आधी कळलं नसतं तरी चाललं असतं.

"हे काय होतं?" देदांनी विचारलं. मला नाही, शैलाला.

तिचं इंग्रजी मोजकं, पण तिला कुठे काय सांगायचं ते माहीत असतं. ती म्हणाली, आमच्या घरचा देव. घोड्यावर बसतो, राक्षस मारतो. माझ्या माहेरचा वेगळा होता. लग्न झालं, मी यांचा घेतला. ही पिवळी पूड त्याची.

"हेलननंही आमचा घेतला," देदा म्हणाले.

"कुणी विचारलं नव्हतं मला," हेलन फडकं पिळत म्हणाली. "तीस वर्षं पाव मीच करतेय." दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुलदैवत कुठल्याही देशात पुरुषांचं असतं, आणि पीठ बायका मळतात.

देदा माझ्याकडे वळले. मार्को मला धरून खुर्चीत बसवत होता, त्याचे हात माझ्या गुडघ्यावर.

"परवा का आला नाहीत?"

माझ्या लक्षात आलं की आता उत्तर तयार आहे. गुडघा. आत्ताच सर्वांसमोर सिद्ध झालेला, तज्ज्ञाच्या हातात असलेला गुडघा. याहून सुंदर खोटं मला आयुष्यात मिळालं नव्हतं. मुग्धा माझ्याकडे पाहत होती. तिनं मान हलवली नाही, काही नाही, फक्त मार्कोच्या खांद्यावर हात ठेवला.

"आमंत्रणाची वाट पाहत होतो," मी म्हटलं. "आमच्यात मुलीच्या बापाला बोलावल्याशिवाय जाता येत नाही. वाईट वाटलं होतं मला. तुम्ही बोलावलं नाहीत म्हणून."

मार्कोनं ते त्यांच्या भाषेत पुन्हा सांगितलं, गरज नव्हती तरी. देदा बराच वेळ पिवळी मिशी चोळत राहिले.

"आणि मी दाराकडे पाहत होतो," ते म्हणाले.

हेलन म्हणाली, "दोन म्हातारे मूर्ख. आणि मधे माझा पाव वाळला."

देदांनी रुमाल काढला. पाव पिवळाजर्द आणि तिसऱ्या दिवसाचा. वरची हळद त्यांनी झटकली नाही. मार्कोला हाक मारली, मग मुग्धाला. दोघांचे हात पावाखाली घेतले, वर आपले ठेवले, तिघांनी तो गोल फिरवला, आणि मग मोडायला गेले. मोडेना. तुर्कांसमोर एवढा टिकला असता तर इतिहास बदलला असता. शेवटी मार्कोनं टेबलाच्या कडेवर आपटून दोन केले, मोठा तुकडा देदांनी त्याच्या हातात दिला आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून कपाळाचं चुंबन घेतलं. मुग्धाचंही. तिच्या कपाळाला हळद लागली. शैलानं पदर डोळ्यांना लावला, मी हेलनला ते कपाळ साबणानं पुसू नका म्हणून सांगितलं.

"पुढच्या वर्षी तुमच्या घरी," देदा त्या दोघांना म्हणाले. "आणि एक ऐका. मला बोलवाल तर याद राखा."

मग त्यांनी बाटली मार्कोच्या हातात दिली, रिकाम्या खुर्चीची पाठ धरली, आणि हळूहळू, एकेक गुडघा समजावत, बसले. माझ्या शेजारी. मार्को उभा राहिला. त्याला बाटली कशी धरायची ते कळत नव्हतं. त्यानं आधी आजोबांचा पेला भरला, मग माझा, मग आईचा, आणि तसाच टेबलाच्या टोकाशी उभा राहिला, एका हातात तो वाळका पिवळा पाव.

सवय वाईट. मी म्हटलं, "मार्को, अरे तू पण बस ना."

देदांनी माझ्या मांडीवर हात ठेवला, दुखऱ्या बाजूलाच.

"त्याला उभं राहू दे, डक," ते म्हणाले. "तो आता बसायचा नाही."